नऊ वाजता समुद्र बंद

वडीगोद्रीपासून समुद्र किती लांब आहे हे आमच्या गावात कुणी मोजलं नव्हतं, कारण तिकडं कुणाला जायचंच नव्हतं. आमच्याकडं पाणी म्हणजे पैठणच्या धरणातून कालव्यानं येतं ते. ते पाळीनं येतं, पाळीनं बंद होतं, आणि कुणी पाळी मोडली की भाऊ भावावर फावडं उचलतो. पाणी म्हणजे एवढंच असं समजून आमच्या कितीतरी पिढ्या निवांत जगल्या आणि मेल्या. मग पुखराजशेठनं आम्हाला समुद्र दाखवला. तोही असा दाखवला की निम्म्या गावाला तो अजून बरोबर कळलेला नाही.

गावात त्यांना पुखाशेठ म्हणत. हायवेला लागून दुकान. पाईप, मोटारी, कॉक, सॉकेट. दुकान खरं म्हणजे दोघा भावांचं. थोरले धनराजशेठ. त्यांना पुखाशेठ भाईसा म्हणायचे, म्हणून त्यांच्यामागं आम्हीही भाईसाच म्हणायचो. भाईसा गादीवर बसत. पुखाशेठ गादीच्या आसपास असत. त्यांचं घराणं मारवाडातून कधी आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी आमची मराठी आणि राग आला की उर्दू, अशी त्यांच्या तोंडाची वाटणी होती.

एकदा कुण्या नातेवाइकाच्या वऱ्हाडाबरोबर पुखाशेठ कोकणात गेले. लग्न कुणाचं होतं हे परत आल्यावर त्यांना धड सांगता येईना, समुद्र मात्र त्यांनी महिनाभर सांगितला. गिऱ्हाईक सॉकेट मागायचं आणि शेठ गलबत सांगायचे. पुढच्या दिवाळीला त्यांनी शहागडच्या एकाची बस ठरवली, तिच्या तोंडाला 'ऐतिहासिक सागर दर्शन' असं कापड बांधलं, आणि आमच्या भागातले समुद्राचे एकमेव जाणकार म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली. हरकत कोण घेणार? दुसऱ्या कुणी समुद्र बघितलेलाच नव्हता.

सहलीचा त्यांचा पोशाख ठरलेला. पांढरा सफारी, गळ्यात शिट्टी, हातात भगवी छत्री आणि डोक्यावर नांगराचं चित्र असलेली निळी टोपी. नांगर म्हणजे जहाजाचा. आमच्या लोकांना हे सांगावं लागायचं, कारण पहिल्या वर्षी सगळ्यांनी त्या चित्राला बैल कुठं जुंपायचे हेच विचारलं होतं. छत्री ते ऊन असो नसो वर धरायचे. "छत्री दिसली का तिच्यामागं यायचं. मी दिसलो न्हाई तरी चालंल, छत्री दिसली पायजे," असं गाडी सुटताना सांगत. त्या छत्रीखाली स्वतः राहून त्यांनी बाकी सगळ्यांना उन्हात उभं केलं.

गाडीत पुढच्या अंगाला मारवाडी मंडळी: खाकऱ्याचे डबे, शेव, लोणची, आणि सूर्य बुडायच्या आत जेवण. मागच्या अंगाला आम्ही शेतकरी: भाकरी, ठेचा, आणि सूर्याशी काही घेणं नाही. मधल्या जागेत आचारी महाराज आणि त्यांची पातेली. समुद्रकाठची गावं बघायला निघालेली ही गाडी समुद्रातलं काहीही खायचं नाही अशी शपथ घेऊन निघायची.

मी या गाडीत कसा, तेही सांगून टाकतो. मी इतिहासाचा बी.ए. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. माझा बाप गेला होता, पण तो त्या कॉलेजचा स्लॅब पडत होता तेव्हा, घमेली उचलायला. हे मी लाजून सांगत नाही. त्याच स्लॅबखाली बसून मी पदवी घेतली, आणि आता अंबडला शिकवतो. मायला समुद्र बघायचा होता म्हणून पहिल्यांदा तिला घेऊन गेलो. इतिहासाची पदवी आहे कळल्यावर पुखाशेठनं मला ड्रायव्हरच्या मागची जागा दिली आणि हळूच म्हणाले, "सर, मी काई सांगितलं का तुमी फक्त मान हालवायची. डिग्री हाय तुमच्याजवळ. हालली तर लोकायला पटतं."

मी म्हणालो, "शेठ, खरं असलं तर हालंल."

"बस, मंग काय! खरंच आसतं," असं म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली.

त्यांचा इतिहास एकदा ऐकला की पुन्हा ऐकायची गरज नव्हती, कारण तो सगळीकडं एकच होता. प्रत्येक किल्ल्यात एक भुयार, आणि प्रत्येक भुयार थेट दौलताबादला निघणार. प्रत्येक तोफ दौलताबादहून आणलेली. प्रत्येक किल्लेदार मुळात आपल्याकडचा, काही तरी कारणानं इकडं आलेला. "आपल्याकडून माल यायचा म्हणून हे लोक लढू शकले," असं ते बुरुजावर उभे राहून सांगत. मागची मंडळी अभिमानानं समुद्राकडं बघत, जणू त्या लाटांची उधारीही आपल्याकडंच आहे.

पहिल्या वर्षी मी एकदा अडवलं. म्हणालो, "शेठ, इथून दौलताबादपर्यंत भुयार खणायचं तर मधी अख्खा सह्याद्री लागतो. कुठल्याच पुस्तकात असं नाही."

शेठ रागावले नाहीत. छत्री माझ्याकडं करून सगळ्यांना म्हणाले, "सरांचं बराबर हाय. पुस्तकात न्हाई. आता मला सांगा, पुस्तक लिव्हणारा भुयारात उतरला आसता तर लिव्हायला वर आला आसता का?"

पूर्ण गाडी हसली. माय सुद्धा. रात्री मला म्हणते कशी, "शेठ एवढं सांगून राह्यले, तुला कशाला मधी बोलायचं? शिकला म्हणून काय झालं?"

एका जुन्या बंदराच्या गावात तर त्यांनी कमाल केली. चिऱ्याच्या गडग्यांच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी माडाच्या वाड्या. एका घराचं फाटक उघडं दिसलं. पुखाशेठ छत्री वर करून सरळ अंगणात शिरले, मागोमाग पूर्ण गाडी. झोपाळ्यावर बनियन घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या देखत शेठनं सुरुवात केली, "हे त्या काळच्या आरमारप्रमुखाचं घर. इथूनच तो दुर्बिणीतून गलबतं बघायचा."

म्हातारे म्हणाले, "हे घर माझ्या आजोबांनी बांधलं. ते पोस्टात होते."

पुखाशेठ आमच्याकडं वळले. "बघा," आवाज उतरवून म्हणाले, "घरच्यायला बी माहीत न्हाई."

म्हातारा कोकणातला होता, सोडणारा नव्हता. विचारलं, "कुठून आलात?"

"जालना जिल्हा."

"तिकडे पाण्याची ओरड असते ना? मग एवढं बोलून तुमचा घसा कसा कोरडा पडत नाही?"

आमच्या दुष्काळाला कुणी हसलं की आम्हाला लागतं, मग आम्ही मारवाडी असू की कुणबी. पुखाशेठनं टोपी सारखी केली. "पाणी न्हाई म्हणूनच तर तुमचं बघायला आलो, आजोबा. तुमच्या दारासमोर एवढं पडलंय. त्यातलं जरा तांब्याभर पिऊन दावता का?"

म्हाताऱ्यानं झोपाळा थांबवला. मग आत तोंड करून ओरडला, "अगं, यांना पाणी दे. विहिरीचं." सगळ्यांना पाणी मिळालं आणि वर कोकमाचं सरबत. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून मान हलवली.

मासे सुकत घातलेल्या गल्लीतून जाताना पुढच्या मारवाडी बायका नाकाला पदर लावून उभ्याच राहिल्या. पाय उचलेनात. पुखाशेठ म्हणाले, "माशाचा न्हाई हो, काकीसा. हा इतिहासाचा वास हाय. जुन्या गावायला येतोच." काकीसा म्हणजे त्यांच्या नात्यातल्या वयस्क बाई, जिभेनं तिखट. त्यांनी ते लक्षात ठेवलं. संध्याकाळी धावड्याचे नामदेव पाटील दोन सोबत्यांना घेऊन गाडीतून गायब झाले, आणि बडीशेप चघळत, कुणाच्या नजरेला नजर न देता परत येऊन मागं बसले. काकीसांनी पदर नाकाला लावला आणि पुढं बघतच म्हणाल्या, "पुखा, पाटील पोटभर इतिहास बघून आले वाटतं."

पण हे सगळं वरवरचं. ज्याच्यावर पुखाशेठचं नाव चालायचं ती गोष्ट वेगळी होती. समुद्र त्यांचं ऐकायचा.

हे जिथं घडायचं त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक त्या गावाची नव्हती. किनाऱ्यापासून थोडा आत, पाण्यात एक किल्ला आहे. पाणी उतरलं की वाळूवरून चालत जाता येतं, चढलं की होडी. शेठची सहल दरसाल एकाच बेतानं निघायची. भाऊबीजेचं ओवाळणं झालं की रात्री गाडी सुटायची, तीजेला जुनी गावं बघायची, चौथीला सकाळी हा किल्ला, आणि तिथूनच परत फिरायचं, कारण लाभपंचमीला व्यापाऱ्याला दुकानाचा मुहूर्त चुकवता येत नाही. गाडी किल्ल्यासमोर थांबायची. पुखाशेठ सगळ्यांना वाळूवर गोळा करत, घड्याळ बघत आणि जाहीर करत, "नऊ वाजता समुद्र बंद."

मग शिट्टी. आणि खरंच, पाणी मागं हटलेलं असायचं, किल्ल्यापर्यंत ओली वाट उघडी पडलेली असायची, छत्रीच्या मागं माणसं चालायला लागायची.

"शेठ, बंद कोण करतं?" माझ्या मायनं विचारलं होतं.

"आपला कालवा कोण बंद करतं? तसंच. वरनं पाळी आसते. आपली वेळ बराबर पायजे, बस."

मायला हे पटलं. पाळी म्हणल्यावर आमच्याकडं कुणालाही पटतं. तिनं गावात येऊन सांगितलं, "शेठची वळख लई लांबवर हाय." आणि खरी गंमत अशी की पुखाशेठ हे फसवायला सांगत नव्हते. दर वर्षी आले, दर वर्षी नऊला वाट उघडी दिसली. माणसाला आणखी काय पुरावा लागतो? मला विचाराल तर, भरती-ओहोटी चंद्रामुळं होते हे मला पाठ होतं. परीक्षेत दोन मार्काला आलं होतं, दोन्ही मार्क मिळाले होते. किती वाजता होते, हे कुणी विचारलं नव्हतं.

इकडं दुकानात भाईसांचं डोकं फिरायला लागलं होतं. पावसाळ्याआधी, पेरणीच्या दिवसांत, पाईपाला गिऱ्हाईक उभं असताना धाकटा भाऊ त्याला बंदरं सांगतो, हे कुठल्या गादीला चालेल? दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी त्यांनी माझ्यासमोरच तुकडा पाडला.

"यंदा मी बी येतो. काय करून राह्यला ते डोळ्यानं बघतो. काम आसंल तर कर. उनाडकी आसंल तर आल्यावर गादीवर बसायचं, अन् पुन्हा समुद्राचं नाव काढायचं न्हाई."

"या ना, भाईसा! अवश्य या."

"पण पंचमीच्या आत मला जमणार न्हाई. मुहूर्त झाल्यावर निघू. दशमी चांगली हाय."

"तुमी म्हणाल तवा," पुखाशेठ म्हणाले. दिवस बदलला याचं त्यांना काहीच वाटलं नाही. कालव्याची पाळी काय दशमी बघून येते?

दुकानाबाहेर आल्यावर मात्र त्यांनी माझा हात धरला. तोपर्यंत मी त्यांना नेहमी माणसांच्या घोळक्यातच बघितलं होतं. म्हणाले, "सर, गादीवर बसलो तर मी खलास होईन. पाईपाला काई सांगताच येत न्हाई हो. जितका फूट आसतो तितकाच आसतो." मग लगेच सावरून, "पण भाईसाला एकदा समुद्र बंद होताना दावला ना, मंग बघा. जिंदगीत बोलणार न्हाई."

तर दशमीला गाडी निघाली. भाईसा पहिल्या सीटवर, मांडीवर पिशवी, पिशवीत पंचांग आणि चष्मा. भाईसा पंचांग बघितल्याशिवाय केस कापत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. एकादशीला जुनी गावं झाली. पुखाशेठ असे बोलले की तसे कधी बोलले नव्हते. दौलताबादची भुयारं त्या दिवशी दुप्पट झाली. भाईसा ऐकून घेत. मधून फक्त विचारत, "कोण म्हणतं?" आणि पुखाशेठ माझ्याकडं बोट दाखवत. मी खिडकीबाहेर बघायचो.

बारसेला सकाळी गाडी किल्ल्यासमोर आली.

किल्ला होता. वाट नव्हती. पाणी पार रस्त्याच्या कठड्याला येऊन थडकत होतं, आणि किल्ला ताटातल्या वाटीसारखा मधोमध बसला होता. पुखाशेठचा चेहरा क्षणभर उतरला, पण घड्याळात अजून नऊ व्हायचे होते. त्यांनी भाईसांसाठी घडीची खुर्ची मांडायला लावली, थेट पाण्याच्या समोर. छत्री उघडली. सगळ्यांना अर्धगोल उभं केलं.

"भाईसा, आता बघत राहा. नऊ वाजता समुद्र बंद."

शिट्टी वाजली.

एक लाट आली आणि शेठच्या बुटात शिरली. शेठ पायरी चढून वर आले, पुन्हा वाजवली. दुसरी लाट आली ती गुडघ्यापर्यंत. पुन्हा. तोपर्यंत मागच्या मंडळींत चर्चा सुरू झाली होती.

"पाळी उशिरा सुटली आसंल."

"न्हाई, लाईट गेली आसंल तिकडं."

"दाबून वाजवा, शेठ! आवाज जाऊन राह्यला न्हाई!"

शेठनं दाबून वाजवली. इतकी की गालांच्या शिरा दिसल्या. त्याच वेळी वारा आला, नांगराची टोपी डोक्यावरून उडाली, पाण्यावर पडली आणि किल्ल्याच्या दिशेनं निघाली. काकीसा म्हणाल्या, "चला, कुणी तरी गेलं तिकडं."

एक होडीवाला जवळ आला. "नेऊ का होडीनं? दहा-दहा जण बसा."

"बंद व्हायला आलेल्या समुद्रात होडी कशाला?" पुखाशेठ त्याच्यावर खेकसले. होडीवाल्यानं एकदा समुद्राकडं बघितलं, एकदा शेठकडं, आणि तो जाऊन आपल्या होडीत आडवा झाला. शेठ होडी घेऊ शकत नव्हते. होडी घेतली की समुद्र चालू आहे हे कबूल झालं, आणि समुद्र चालू म्हणजे गादी.

कुणी तरी मोबाईल काढला. "शेठ, ह्याच्यात दावतं म्हणे, पाणी कवा—"

"ठिव ते खिशात! मी काय पहिल्यांदा आलो का इथं?"

भाईसा अजून खुर्चीतच होते. ऊन चढायला लागलं. त्यांनी शहाळी विकणाऱ्या बाईला हाक मारली. "बाई, हे पाणी कवा उतरतं?"

"आज बारस ना? दुपारी तीनला पार सुकेल. दीडनंतर चालत जाल." बाईनं कोयत्यानं शहाळं छाटत सांगितलं. "शहाळं घेणार का, का नुसतंच विचारणार?"

"बारस हाय म्हणून तीनला?"

"मग कसं? चौथीला आला असतात तर सकाळी नवाला सुकलेलं असतं. पाणी तिथीवर चालतं, शेठ. हे यांना," तिनं कोयत्यानंच पुखाशेठ दाखवले, "कुणी सांगितलं नाही का? दरसाल तर येतात शिट्टी घेऊन."

भाईसांनी पिशवीतून पंचांग काढलं. चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग डोळे वर करून समुद्राकडं असे बघायला लागले, की पन्नाशी उलटल्यावर माणूस क्वचितच कशाकडं तसं बघतो. जन्मभर ज्यांनी तिथीशिवाय पाऊल टाकलं नाही, त्यांना आज पहिल्यांदा आपल्यापेक्षा मोठं आणि आपल्याइतकंच नेमाचं काही तरी भेटलं होतं.

"पुखा."

"जी, भाईसा."

"तू दरसाल इथं कोणत्या तिथीला यायचा?"

पुखाशेठनं मनात हिशोब लावला असणार. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. मग म्हणाले, "चौथीला."

"म्हंजे तू बंद करत न्हवता."

हे भाईसा ओरडून बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, पुखाशेठनं उर्दूत उत्तर दिलं असतं. भाईसांनी फक्त हात पुढं केला. "शिट्टी दे."

पुखाशेठनं गळ्यातून दोरी काढली. एका बाजूनं ती कानात अडकली. ती सोडवायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ पूर्ण गाडी खाली पायाकडं बघत उभी राहिली. मागून नामदेव पाटील बोलायला गेले, "आसू द्या ना, भाईसा, एवढं काय—" पण भाईसांनी शिट्टी खिशात टाकली होती आणि ते सगळ्यांना सांगत होते, "आत्ता मुक्कामी जाऊन जेवणं उरका. दोनला इथं. साडेचारला परत. सूर्य बुडायच्या आत संध्याकाळची जेवणं. चला, जल्दी."

सगळं तसंच झालं, मिनिटाला मिनिट. दुपारी पाणी हटलं, आम्ही ओल्या वाळूवरून किल्ल्यात गेलो. पुढं भाईसा, पंचांग काखेत. सगळ्यांत मागं पुखाशेठ, छत्री मिटलेली. आत एका अंधाऱ्या तोंडापाशी सगळे आपोआप थांबले. सवय होती. माझी माय पुढं वाकून बघत म्हणाली, "शेठ, हे कुठं निघतं?"

तिनं मागं बघत विचारलं होतं. उत्तर पुढून आलं.

"कुठं न्हाई निघत," भाईसा म्हणाले. "पाण्याचं टाकं हाय. चला."

ते खरं होतं. टाकंच होतं. मी बी.ए. आहे, मला दिसत होतं. पुखाशेठनं माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच माझ्या मानेची वाट बघितली नाही.

लोकांना वाटलं सहली बंद होणार. पुखाशेठलाही तेच वाटलं होतं. पण भाईसांनी त्याहून वाईट केलं. सहली चालूच ठेवल्या आणि स्वतः न्यायला लागले. शिमग्याआधी एक, दिवाळीनंतर एक. मोबाईलच्या ग्रुपवर आधी तिथी येते, मग पाणी उतरायची वेळ, मग निघायची. आता कुणाचे बूट भिजत नाहीत. कुणाच्या अंगणात गाडी शिरत नाही. पुस्तकात आहे तेवढाच इतिहास सांगतात, आणि तो सांगायला भाईसांनी मलाच पुढं उभं केलं. मी अगदी तपासून, खरं तेवढंच सांगितलं. मागच्या सीटवर लोक घोरत होते.

माय एकदा जाऊन आली. कशी झाली विचारलं तर म्हणाली, "गाडी येळेवर गेली, येळेवर आली. मधी काहीच झालं न्हाई."

परवा घरच्या नळाचा कॉक गेला म्हणून दुकानात गेलो. भाईसा कोपऱ्यात चष्मा लावून पुढच्या सहलीची तिथी काढत बसले होते. गादीवर पुखाशेठ. पांढरा सफारी तोच, धुऊन पिवळसर झालेला. गळ्यात शिट्टीच्या जागी मोजायची पट्टी. शहागडचा एक शेतकरी काळ्या पाईपाच्या वेटोळ्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, "शेठ, गोदावरीपासनं वावरापर्यंत न्यायचाय. हा पुरंल का?"

पुखाशेठनं पाईपाचं तोंड उचललं. त्यात एक डोळा घालून बघितलं. मग हळूच उभे राहिले, मोकळा हात वर गेला, जणू त्यात छत्री आहे, आणि तो जुना, पूर्ण गाडीला ऐकू जाणारा आवाज आला.

"पुरंल का काय इचारतो? सोडला तर थेट दौलताबादला निघंल!"

शेतकरी हसायला लागला, खळखळून, उकिडवा बसलेला मागं कलंडला. मीही हसलो.

"किती फूट?" भाईसांनी मान वर न करता विचारलं.

पुखाशेठ बसले. पट्टी गळ्यातून काढली आणि पाईपाला लावली.